पाटकरी तापट असला तरी चालेल

आप्पा मोटारीच्या आवाजावरून बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलंय ते सांगायचे. तापीकाठच्या आमच्या उपसा सिंचन सोसायटीचे ते सोळा वर्षं चेअरमन होते. एका मे महिन्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही चौघं पंपहाउसच्या ओट्यावर बसलो होतो. मोटार आमच्या कानाला रोजच्यासारखीच घरघरत होती. आप्पांचा तंबाखू मळणारा हात थांबला. मान जरा तिरकी करून ते म्हणाले, "मागच्या बाजूचं. उद्या दुपारपर्यंत चालंल." दुसऱ्या दिवशी दोनच्या आत मोटारीनं आचके दिले. पण तोवर नवं बेअरिंग भुसावळहून येऊन ओट्यावर पडलेलं होतं, कारण आप्पांनी पहाटेच माणूस पाठवला होता. त्या दिवशी पाणी बंद राहिलं ते फक्त चार तास. केळी निसवलेली असताना, म्हणजे घड बाहेर पडलेले असताना, बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर असताना, चार तास म्हणजे काहीच नाही. आठ दिवस बंद राहिलं असतं तर अर्ध्या गावाचे घड खांबासकट खाली आले असते.

हेच आप्पा मीटिंगमध्ये प्रोसिडिंगचं रजिस्टर भिरकावायचे. एका वॉटरमननं व्हॉल्व्ह घाईघाईनं बंद केला म्हणून त्याला त्यांनी चारचौघांत असं झापलं की तो पुन्हा कामावर आला नाही. "तुले काय समजस रे? पाइप फुटना ते कोन भरी?" हे वाक्य मला अजून ऐकू येतं. आणि आप्पांचं चुकलेलंही नव्हतं. नदीपासून वरच्या चेंबरपर्यंत चढलेलं पाणी एकदम अडवलं की त्याचा धक्का उलटा फिरतो आणि जिथं जॉइंट कच्चा असेल तिथं पाइप उडतो. वॉटरमनला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. आप्पांनीही नाही. ते फक्त ओरडले.

अशा माणसाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या सोसायटीपुरता नाही. शाळा, दूध डेअरी, कारखाना, नगरपालिका, क्रिकेटचा संघ, पुण्यातली सॉफ्टवेअरची कंपनी, सगळीकडे हा माणूस असतो. त्याच्यावाचून काम होत नाही आणि त्याच्याबरोबर काम करवत नाही. हल्ली या प्रश्नाचं एक तयार उत्तर फिरतं: माणूस कितीही हुशार असो, तो टीम प्लेयर पाहिजे. आमच्या खानदेशात याच उत्तराची मराठी आवृत्ती वाढदिवसाच्या प्रत्येक फ्लेक्सवर असते, 'सर्वांना सोबत घेऊन चालणारे नेतृत्व'. गेल्या वीस वर्षांत मी असे फ्लेक्स शेकड्यानं पाहिले. सगळ्यांना सोबत न घेता चालणारं नेतृत्व एकाही फ्लेक्सवर दिसलं नाही. म्हणजे एक तर आमच्याकडे सगळेच नेते गुणी आहेत, किंवा त्या शब्दांना काही अर्थ उरलेला नाही.

मला तर या शब्दाचा संशयच येतो. ऑफिसात टीम प्लेयर कुणाला म्हणतात ते बघा. जो साहेबासमोर आडवा बोलत नाही, बिलावर सही मागितली की करतो, आणि टेंडरमध्ये काय काळंबेरं आहे हे विचारत नाही, तो. मिळून मिसळून वागण्याचा अर्थ आपल्याकडे बरेचदा मिळून खाण्यापर्यंत जातो. खोडा घालणारा, नियम दाखवणारा, 'हा पूल पुढच्या पावसाळ्यात वाहून जाईल' असं मीटिंगमध्ये मोठ्यानं सांगणारा माणूस अवघड ठरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पूल खरंच वाहून जातो. तेव्हा स्वभावाच्या गोडीवरून नेत्याची परीक्षा घ्यायला मी तयार नाही.

धुळ्याचंच उदाहरण घेऊ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे मराठी विद्येच्या जगातले बहुधा सगळ्यात अवघड गृहस्थ. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून, धूळ आणि वाळवीतून त्यांनी जुनी कागदपत्रं गोळा केली. 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला आणि पुढे खंडांची संख्या 22 वर गेली. लिहायचं ते मराठीतच हा हट्ट. मग बाहेरच्या विद्वानांना कळो न कळो. 1910 साली खंडेराव मेहेंदळ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. संस्था त्यांनीच जन्माला घातलेली, आणि तिथल्याच लोकांशी पटेनासं होऊन ते बाहेर पडले. मतभेद झाला की राजवाडे तडजोड करत नसत, ते निघून जात. शेवटी ते धुळ्यात आले आणि 31 डिसेंबर 1926 ला इथंच वारले.

आता पुढचं बघा. 1927 साली भास्कर वामन भट आणि इतर मंडळींनी धुळ्यात राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. ज्या माणसाचं कुठल्या मंडळात बूड टेकलं नाही, त्याची दप्तरं आणि टिपणं एका मंडळानं जपली. पुण्याचं मंडळही चालूच राहिलं, ते आजही आहे. राजवाड्यांना टीममध्ये बसवण्याचा आग्रह कुणी धरून बसलं असतं तर ते 22 खंड झाले नसते, याबद्दल मला शंका नाही. एकट्यानं करायचं काम होतं ते. पण पुण्याची संस्था त्यांच्या लहरीवर सोडली असती, तर तीही राहिली नसती. त्यांच्या हातात शोध होता, लेखणी होती. किल्ल्या दुसऱ्यांच्या हातात होत्या, आणि ते गेल्यावरही दुसऱ्यांच्याच हातात राहिल्या. हे ठरवून झालं असं मी म्हणत नाही. झालं ते बरं झालं.

याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते. विनोबा एकांतात रमणारे. आपलं बोलणं पुढे किती जणांपर्यंत जाईल याची फिकीर करत बसण्याचा त्यांचा पिंड नव्हता. पण समोर अमळनेरच्या शाळेत मास्तरकी करून आलेले साने गुरुजी बसले होते आणि ते लिहून घेत होते. गीता प्रवचने म्हणून आपण वाचतो ती त्यातूनच आली. थोर माणसाच्या शेजारी असा एक लिहून घेणारा, सावरणारा, उसवलेलं शिवणारा माणूस जवळजवळ नेहमी सापडतो. फरक एवढाच की साने गुरुजींचं नाव आपल्याला माहीत आहे, बाकीच्यांचं नसतं.

आमच्या सोसायटीत असा माणूस म्हणजे सेक्रेटरी. त्याला सगळे भाऊच म्हणायचे. आप्पांनी सकाळी मीटिंगमध्ये कुणाला तोडलं की संध्याकाळी भाऊंची सायकल त्याच्या दारात लागलेली असायची. चहा घ्यायचा, पावसापाण्याचं बोलायचं आणि उठता उठता म्हणायचं, "आप्पांचं मनावर घेऊ नको रे भो, पाण्यासाठीच बोलतात ते." सोळा वर्षं हा माणूस हेच करत होता. पगार सेक्रेटरीचा, काम गावभर मलम लावण्याचं. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी पुस्तिकेत आप्पांचे सात फोटो आहेत. भाऊंचा एकही नाही. शेवटच्या पानावर 'मुद्रणदोष राहिल्यास क्षमस्व – सेक्रेटरी' एवढाच त्यांचा उल्लेख.

म्हणून 'हुशार माणसाचा स्वभाव सहन करावा की नाही' असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, सहन कोण करतंय? चेअरमनची हुशारी संस्थेच्या नावावर जमा होते आणि त्याच्या तोंडाचा खर्च सेक्रेटरी, शिपाई, वॉटरमन आणि त्याच्या घरच्या बायका भरतात. ताळेबंदात हा खर्च कुठंच दिसत नाही, म्हणून तो नाही असं आपण धरून चालतो.

माझं आजोळ साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथं फड होता. नवीन पिढीला सांगायला लागतं: नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. तुमच्या मनात ऊस आहे म्हणून गव्हाच्या फडात ऊस लावता यायचा नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ही व्यवस्था तीन-चारशे वर्षं चालली. सरकारी खात्यानं चालवलेली नव्हती. गावच्या पंचांनी चालवली. पाणी भरायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना मोबदला पिकातून. पाणी शेतकऱ्यानं स्वतः घ्यायचं नाही. ते पाटकऱ्यानं द्यायचं.

आजोबा ज्या पाटकऱ्याच्या गोष्टी सांगायचे तो एक नंबरचा तिरसट होता. पहाटे तीनला चारीवर जायचा, कंदील हलवत शिव्या देत फिरायचा. पाण्यात पाय घातला की ओल कुठवर उतरलीय हे त्याला कळायचं, असं आजोबा म्हणायचे. हा वाफा भरला, आता पुढचा. कुणी म्हटलं, जरा अजून सोड, की फावडं उगारायचा. गावच्या पाटलालाही त्यानं एकदा बांधावरून हाकललं होतं. आणि तरी गाव त्याला वर्षानुवर्षं ठेवत होतं. का? मी लहानपणी विचारलं तेव्हा आजोबांनी फार साधं सांगितलं: फावडं त्याच्या हातात होतं, पाळी नव्हती. कुणाच्या वावरानंतर कुणाचं वावर, हा क्रम पंचांनी बांधून दिलेला. पाटकरी तुम्हाला शिव्या देऊ शकत होता, पण तुमचं पाणी चुकवू शकत नव्हता. आणि पंचांनी सांगितलं तर तो पुढच्या वर्षी पाटावर नसणार, हेही त्याला ठाऊक होतं.

मला या विषयावर जे म्हणायचंय ते एवढंच आहे. अवघड माणसाला फावडं द्या, पाळी देऊ नका. त्याच्या कामात त्याला पूर्ण मोकळीक द्या. तिथं समिती नको, तिथं मतदान नको. मोटारीचं बेअरिंग कुठल्या बाजूचं गेलंय हे बहुमतानं ठरत नाही. पण कुणाला काय मिळणार, कुणाला काढायचं, पैसा कुठं जाणार, आणि हा माणूस स्वतः उद्या या खुर्चीवर राहणार की नाही, या गोष्टी त्याच्या मर्जीवर असता कामा नयेत. तेवढं सांभाळलं तर तो गोड बोलला नाही तरी चालतं. आणि तेवढं नसेल, तर तो कितीही गोड बोलला तरी भीतीच आहे. किंबहुना गोड बोलणाऱ्याची जास्त.

आमच्या आप्पांकडे दोन्ही होतं. सुरुवातीला नव्हतं. तापीकाठच्या कितीतरी उपसा योजना वीजबिलाखाली आणि कर्जाखाली गाडल्या गेल्या. आमची त्यांनी वर काढली, आणि वर काढता काढता एकेक गोष्ट त्यांच्याकडे जात राहिली. आधी किल्ल्या, मग चेकबुक, मग पाळीची वही. आम्हीच दिली. संचालक म्हणून मीही त्या ठरावावर सही केलेली आहे. 'आप्पा बघतात ना' हे वाक्य आम्ही इतक्या सवयीनं म्हणायचो की काय देऊन बसलो ते कळलंच नाही. मग एका वार्षिक सभेत एका सभासदानं ऑडिटचा एक आकडा विचारला. साधा प्रश्न होता, चढ्या आवाजातही नव्हता. त्या मेमध्ये त्याच्या वावराला पाणी अकराव्या दिवशी पोचलं. दोन एकर मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, घड धरलेली. मी स्वतः बघायला गेलो होतो. पानं कडेनं जळून वळलेली, आणि घडांच्या वजनानं खांब मधूनच मोडलेले. बांधावर तो माणूस काही बोलला नाही. मला पाणी विचारलं, मी प्यालो. पुढच्या वार्षिक सभेत कुणीच आकडा विचारला नाही. सभा वीस मिनिटांत संपली आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलं, 'खेळीमेळीच्या वातावरणात'.

अमूलच्या वर्गीस कुरियन यांचं नाव या चर्चेत नेहमी निघतं, आणि निघायलाच पाहिजे. 1949 साली आणंदला ते नाइलाजानं आले. तोंडानं फटकळ, मंत्री, सचिव, परदेशी तज्ज्ञ, कुणाला सोडायचे नाहीत. पण लोक सांगताना एक विसरतात: खेडा जिल्ह्याचा दूध संघ कुरियन येण्याच्या आधी, 1946 साली उभा राहिला होता आणि त्याचे अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल होते. गावात फिरायचं, शेतकऱ्यांचा विश्वास सांभाळायचा, ही बाजू त्रिभुवनदासांची. म्हशीच्या दुधाची पावडर करण्याचं तंत्र बसवणारे दलाया. कुरियनना हवं ते करायची मुभा होती, आणि वर एक असा माणूस होता की ज्याला कुरियन मान देत. ती वर्षं सोन्याची. पुढे त्रिभुवनदास निवृत्त झाले आणि राष्ट्रीय पातळीवरची मंडळं आणि गुजरातचा फेडरेशन या सगळ्यांवर कुरियन एकटेच. शेवट कसा झाला? स्वतः पुढे आणलेल्या वारसाशी जाहीर वाद, आणि 2006 साली संचालक विरोधात गेल्यावर राजीनामा. माणूस तोच, स्वभाव तोच. बदललं होतं ते एवढंच की 'नाही' म्हणू शकणारं जवळ कुणी उरलं नव्हतं. अर्थात जाता जाता हेही खरं, की ज्या संचालकांनी त्यांना घालवलं त्यांच्या हेतूंबद्दल मला काडीचा आदर नाही.

हेतू वाईट आणि रचना बरी, असं होऊ शकतं. टी. एन. शेषन 1990 च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त झाले, आणि आचारसंहिता नावाची काही वस्तू असते हे देशाला पहिल्यांदा कळलं. रात्री दहानंतर भोंगे बंद, भिंती रंगवणं बंद. आमच्याकडच्या निवडणुकीला तोवर यात्रेचं रूप होतं, ते एकदम उतरलं. शेषन कुणाचंच ऐकत नसत. 1993 च्या ऑक्टोबरात सरकारनं आयोगात आणखी दोन आयुक्त बसवले, एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती. शेषन यांचे पंख कापायलाच, यात कुणाला शंका नव्हती. शेषन सुप्रीम कोर्टात गेले आणि 1995 साली हरले. तेव्हा मी हळहळलो होतो. आज वाटतं, बरं झालं. शेषनांसारखा माणूस त्या खुर्चीवर दर वेळी येणार नव्हता, पण त्यांच्याएवढे अधिकार असलेला एकटा माणूस मात्र दर वेळी आला असता. तिघे झाले म्हणून आयोग कायमचा निर्धोक झाला असंही नाही. तिघेही मान डोलावणारे असतील तर तीन काय आणि तीस काय. पण 'नाही' म्हणायला निदान जागा तरी राहिली.

हिंजवडीत कामाला असलेला माझा पुतण्या या वादात मला लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सचं सांगतो. जगातले बहुतेक सर्व्हर ज्यावर चालतात त्याचा हा जनक, आणि इतरांच्या कामावर तो जे लिहायचा ते वाचवत नसे म्हणे. 2018 च्या सप्टेंबरात त्यानं आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाला. मला त्या माफीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. तो बाजूला असताना त्याच्या एका सहकाऱ्यानं, ग्रेग क्रोआ-हार्टमननं, पुढची आवृत्ती वेळेवर काढली. सगळं काम उघड्यावर होतं, दुसऱ्याला माहीत होतं. हा माणूस आयुष्यभर कसाही बोलला असेल, पण त्यानं व्हॉल्व्ह मातीखाली पुरून ठेवलेला नव्हता. (आमच्याकडे तसं झालं, ते पुढे सांगतो.) (पुतण्याच्या मते त्याच्या ऑफिसात मात्र सगळे स्टीव्ह जॉब्जचा दाखला देतात. तो 1985 साली स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडायची वेळ आलेला माणूस आहे, हे त्या दाखल्यात नसतं.)

आता कुणी म्हणेल, मग तुम्ही समित्यांच्या बाजूचे. छे. मी समित्यांमध्ये आयुष्य घालवलंय. पंधरा संचालकांचं एकमत व्हायची वाट बघत सडलेला पंप मी पाहिलाय. तीन कोटेशनं, त्यातलं एक संचालकाच्या मेव्हण्याचं, मग पुढच्या मासिक सभेपर्यंत विषय तहकूब. खानदेशातले सहकारी कारखाने आणि सूतगिरण्या ज्या बंद पडल्या, त्या सगळ्या काही हुकूमशहांनी बंद पाडल्या नाहीत. पुष्कळ ठिकाणी सगळं अगदी एकदिलानं झालं. टीम म्हटली की शहाणपण आपोआप येतं हा भ्रम आहे. पंधरा जणांत वाटली गेलेली जबाबदारी कुणाचीच नसते. माझं म्हणणं म्हणूनच अर्धं अर्धं आहे, आणि ते अर्धं अर्धंच राहू द्या: काम एकट्याचं, अधिकार अनेकांचा. अवघड माणसाला घाबरून संस्थेनं कामाचीही समिती केली तर तो निघून जाईल, आणि त्याचं जाणं योग्यच असेल.

आणखी एक गोष्ट मला खटकते. 'हुशार पण अवघड' हे प्रशस्तिपत्र आपण सगळ्यांना देत नाही. पुरुष रजिस्टर भिरकावतो तेव्हा तो कडक असतो. शेजारच्या गावच्या सरपंच बाईंनी काँक्रीट रस्त्याची जाडी मोजायला टेप मागितली, ठेकेदाराचं बिल अडवलं, आवाज चढवला. त्या 'भांडखोर' ठरल्या. पंचायतींमध्ये महिलांना निम्म्या जागा 2011 पासून आहेत, पण तऱ्हेवाईक असण्याचा हक्क अजून त्यांना मिळालेला नाही. तसाच तो वस्तीवरच्या, खालच्या आळीतल्या माणसालाही नाही. आमच्या त्या वॉटरमनला पाण्याचं आप्पांइतकं नाही, पण बरंच कळत होतं. त्यानं एकदा उलटून उत्तर दिलं असतं तर त्याला कुणी प्रतिभावान म्हटलं नसतं. तेव्हा थोरांचे स्वभाव सांभाळून घ्या असं जे सांगतात, त्यांनी हेही सांगावं की ही सवलत नेमकी कुणाकुणाला आहे.

आप्पांना एका एप्रिलमध्ये अर्धांगवायू झाला. तिसऱ्या दिवशी रायझिंग मेन, म्हणजे नदीतून वर पाणी चढवणारी मुख्य पाइपलाइन, गळायला लागली आणि तेव्हा आम्हाला कळलं, की मधला व्हॉल्व्ह कुठं आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. जुन्या बांधाचं सपाटीकरण झालेलं, चेंबरवर माती, वर बाभळी. दोन दिवस चौघं टिकाव घेऊन खणत होते. पाइप खालून कुठं वळतो ते एकट्या आप्पांच्या डोक्यात, आणि आप्पांची वाचा गेलेली. शेवटी भाऊ दवाखान्यात गेले. वीजबिलाच्या पाठीवर आप्पांनी डाव्या हातानं एक रेघ काढली, मग दुसरी, मग एक गोळा, आणि गोळ्याजवळ लिंबाच्या झाडासारखं काहीतरी. ते झाड तर आम्ही केव्हाच तोडलेलं होतं. बुंधा सापडला, त्यापासून सहा पावलांवर व्हॉल्व्ह सापडला. तो कागद भाऊंनी लॅमिनेट करून पंपहाउसात लावलाय. मोटार तेव्हापासून दोनदा जळाली, कारण आवाजावरून सांगणारं आता कुणी नाही. हेही लिहायलाच हवं. आप्पांनंतरचे चेअरमन फार सज्जन आहेत, सगळ्यांना विचारतात, आणि गेल्या उन्हाळ्यात त्यांचं विचारून होईपर्यंत नऊ दिवस पाणी नव्हतं.

पुढच्या महिन्यात निवडणूक आहे. एक तरुण उभा राहतोय, आयटीआय झालेला. सौरपंपाचं, ऑटो स्टार्टरचं, ठिबकच्या प्रेशरचं त्याला जेवढं कळतं तेवढं आख्ख्या पॅनेलला मिळून कळत नाही. परवा भरीत पार्टीला सगळे वावरात जमलो होतो. तुरखाट्यांवर वांगी भाजत होती, आणि तिथंच त्यानं विद्यमान चेअरमनना सगळ्यांसमोर 'तुम्हाला इम्पेलर कशाशी खातात ते माहिती आहे का' असं विचारलं. इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं चाक. म्हातारी मंडळी उठून गेली. वांगी ठेचायच्या लाकडी बडगीतलं भरीत तसंच राहिलं. मी बसून राहिलो. कारण मत मी त्यालाच देणार आहे.

फक्त भांडीकुंडी आवरताना त्याला बाजूला घेऊन एवढं म्हणालो, की पाळीची वही पंपहाउसच्या भिंतीवर उघडी टांगलेली राहील, किल्ल्यांचा दुसरा जुडगा सेक्रेटरीकडे राहील, आणि वॉटरमनला काढायचं तर ठराव लागेल. हे जाहीरनाम्यात लिहून दे. त्याचा चेहरा लगेच फिरला. "म्हणजे काका, तुमचा माझ्यावर विश्वास नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, विश्वास आहे म्हणून तर मत देतोय. तो गाडीला किक मारून निघून गेला. जाहीरनामा अजून छापून आलेला नाही.